सामाईक कपाट सकाळीं कां उघडत नाहीं?

सोलापुरांत १८७७ सालीं पहिली कापडगिरणी निघाली; पुढें लोक तिला जुनी गिरणी म्हणूं लागले. तिचा भोंगा आतां मूक झाला आहे. परंतु गिरणीची शिस्त ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. भोंगा झाला म्हणजे माग चालू झाले, असें नव्हे. भोंगा ही केवळ सूचना. वाफेला दाब चढून इंजिनाला गति आल्यावांचून धोटा हलत नाहीं. आजच्या कचेरींतील संगणकांची एक नेहमींची अडचण याच फरकांतून उद्भवते.

चादरींच्या एखाद्या कारखान्याची कचेरी घ्यावी. नक्षीचे नमुने, मागणीपत्रें आणि हिशेब एकाच लिनक्स संगणकावर ठेवलेले असतात, व बाकीचे संगणक जाळ्यांतून ते उघडतात. हें झालें सामाईक कपाट. त्याची व्यवस्था पाहणाऱ्या दोन सेवा प्रसिद्ध आहेत. एक, सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९८४ च्या सुमारास तयार केलेली एनएफएस. दुसरी, ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल यांनीं १९९२ च्या सुमारास प्रथम प्रसिद्ध केलेली सांबा. सांबामुळें विंडोजच्या संगणकांनाही तें कपाट उघडतां येतें.

रात्रीं वीज जाऊन येते. सकाळीं कारकून पाहतात तों कपाट बंद. जाणता मनुष्य येऊन सेवा हातानें पुन्हा चालू करतो आणि सर्व सुरळीत होतें. पुढच्या खेपेस वीज गेली कीं पुन्हा तेंच. निदानाची पहिली खूण येथेंच आहे. हातानें चालू केलेली सेवा नीट चालत असेल, तर तिच्या मांडणींत बहुधा दोष नाहीं. ती वेळेआधीं उठली, एवढेंच.

बहुतेक लिनक्स संगणकांवर यंत्र जागें करण्याचें काम २०१० सालीं निघालेला सिस्टमडी हा कार्यक्रम करतो. वेळ वांचावा म्हणून तो अनेक कामें एकदम सुरू करतो. त्याच्या ‘नेटवर्क डॉट टार्गेट’ या टप्प्याचा अर्थ, जाळ्याची व्यवस्था पाहणारा कार्यक्रम सुरू झाला, इतकाच, हा भोंगा. संगणकाला पत्ता मिळून जाळें वापरण्याजोगें झालें, हें ‘नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट’ सांगतें, ही वाफ. वीज आल्यावर राउटर स्वतःच सावकाश जागा होत असतो. अशा वेळीं सांबाला ठराविक पत्त्यावरच काम करण्यास सांगितलें असेल, तर तो पत्ताच अजून अस्तित्वांत नसतो. एनएफएसच्या यादींत संगणकांचीं नांवें असतील, तर त्या नांवांचा ठाव लागत नाहीं.

‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ ही आज्ञा सेवा कोठें अडली तें दाखविते. ‘जर्नलसीटीएल -बी’ या आज्ञेनें त्या खेपेची सारी रोजनिशी वाचावयास मिळते. दोष क्रमाचा ठरला, तर सेवेच्या नियमांत ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ या दोन्ही शब्दांपुढें नेटवर्क-ऑनलाइनचें नांव घालावें. नुसता ‘आफ्टर’ क्रम ठरवितो. त्या टप्प्याला बोलावून आणीत नाहीं. जाळ्याची वाट पाहणारी ‘वेट-ऑनलाइन’ सेवाही चालू असावी लागते. कोणी ‘तीस सेकंद थांब’ असा नियम घालतात; तो एके दिवशीं पुरतो, दुसऱ्या दिवशीं पुरत नाहीं.

याहून मोठा धोका निराळाच आहे. कागदपत्रांची डिस्क वेगळी असून ती ‘नोफेल’ या सवलतीनें जोडली असेल, तर ती न मिळतांही यंत्र पुढें चालू होतें आणि सेवा रिकामें कपाट उघडून देते. कारकुनांना वाटतें, सारें काम नाहींसें झालें. ते त्या रिकाम्या जागेंतच नवीं कागदपत्रें ठेवूं लागतात, आणि डिस्क जोडल्यावर तीं तिच्याखालीं झांकलीं जातात. तीं नष्ट होत नाहींत. सेवा थांबवून डिस्क सोडविली कीं पुन्हा दिसतात. परंतु मूळ जागेंतून गेलेलें नकलेंतूनही पुसावें, अशी रात्रींच्या नकलेची योजना असेल, तर जुनी नक्कलही जाते. म्हणून सेवेच्या नियमांत ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ या शब्दापुढें त्या जागेचा मार्ग लिहावा. मग डिस्क नसतांना कपाट उघडतच नाहीं, आणि अशा वेळीं तें बंद राहणें हेंच हिताचें.

दुरुस्तीची कसोटी सेवा पुन्हा चालू करून होत नाहीं. राउटर व संगणक दोन्ही बंद करून एकदम सुरू करावे. त्यानंतर कपाट आपोआप उघडलें, व त्यांत जुनीं कागदपत्रें दिसलीं, तरच काम पुरें झालें असें समजावें.