दोनदा जगज्जेते ठरलेले ट्रेलचे गडी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं ट्रेल हे शिसं-जस्त गाळणाऱ्या कारखान्याचं छोटंसं गाव. तिथल्या 'ट्रेल स्मोक ईटर्स' या हौशी आइस हॉकी संघाने देशाला दोनदा जगज्जेतेपद मिळवून दिलं: १९३९ आणि १९६१, दोन्ही वेळा स्वित्झर्लंडमध्ये!

तेव्हा जागतिक स्पर्धेत व्यावसायिक खेळाडूंना मज्जाव होता. म्हणून कॅनडा सरळ एखादा हौशी क्लबच पाठवायचा. १९६१ च्या निर्णायक सामन्यात या गड्यांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला ५-१ असं लोळवलं. सेथ मार्टिन स्पर्धेतला सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. (हा पठ्ठ्या आपला मुखवटाही स्वतःच बनवायचा. माझा भलता लाडका!)

त्यानंतर कॅनडाला पुढचं जगज्जेतेपद मिळालं ते थेट १९९४ मध्ये, तेही व्यावसायिक खेळाडू घेऊन.