वॉरन काउंटीतली विषारी माती

१९७८च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रात्रीच्या वेळी एक टँकर रस्त्याच्या कडेने तोटी उघडी ठेवून फिरत असे. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधले, पीसीबी हे घातक रसायन असलेले सुमारे ३१,००० गॅलन तेल १४ काउंट्यांच्या रस्त्यांलगत असे ओतले गेले. कायदेशीर विल्हेवाटीचा खर्च वाचवणे, एवढाच त्यामागचा हेतू.

ती माती खरवडून पुरण्यासाठी राज्य सरकारने वॉरन काउंटीतले ॲफ्टन निवडले. बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची, काउंटी राज्यातल्या सर्वांत गरिबांपैकी, पिण्याचे पाणी विहिरींचे आणि भूजल अगदी वर. शास्त्राच्या कसोटीवर ही जागा टिकत नव्हती. नियम शिथिल करूनच तिला परवानगी मिळाली. जमिनीपेक्षा तिथल्या माणसांचे दुबळेपणच जोखले गेले, असेच म्हणावे लागते.

लोक कोर्टात हरले. सप्टेंबर १९८२मध्ये ट्रक येऊ लागले, तेव्हा कोली स्प्रिंग्ज बॅप्टिस्ट चर्चपासून मोर्चे निघाले. माणसे ट्रकपुढे रस्त्यावर आडवी झाली. सहा आठवड्यांत ५००हून अधिक जणांना अटक झाली. माती तरीही तिथेच पुरली गेली. ‘पर्यावरणीय वंशभेद’ ही संज्ञा याच काळात नागरी हक्क नेते बेंजामिन चेव्हिस यांनी रूढ केली.

दुखणे मात्र आधीचे होते. ह्यूस्टनमध्ये कृष्णवर्णीय साधारण एक चतुर्थांश, पण महापालिकेच्या मालकीची पाचही कचराभूमी त्यांच्याच वस्त्यांत असल्याचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलर्ड यांनी १९७९च्या सुमारास दाखवले होते. वॉरननंतर सरकारलाही मोजदाद करावी लागली. १९८३च्या अहवालात आग्नेयेकडच्या आठ राज्यांतल्या अशा चार घातक कचराभूमींपैकी तीन कृष्णवर्णीयबहुल भागांत निघाल्या. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या १९८७च्या देशव्यापी अभ्यासाने तर अशा जागा कुठे येतात यात उत्पन्नापेक्षाही वंश हाच अधिक निर्णायक घटक ठरवला.

१९९४मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढून दुर्बल समाजांवरचा प्रदूषणाचा भार तपासणे केंद्रीय खात्यांवर बंधनकारक केले. मात्र तो आदेश होता, संसदेचा कायदा नव्हे.

ॲफ्टनच्या खड्ड्यात सुमारे दहा लाख गॅलन पाणी साचल्याचे १९९३मध्ये उघड झाले. रहिवाशांनी पाठपुरावा सोडला नाही. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चून ती माती निर्विष होईपर्यंत २००३ संपत आले. क्लिंटन यांचा आदेश जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी रद्द केला.