आखातातले टपाल : पत्ता पक्का करा

रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांतून आखातात गेलेला शिंपी, सुतार, वेल्डर किंवा दुकानदार दरमहा घरी पैसे पाठवतो. पैशाचा रस्ता त्याने पक्का केलेला असतो. कागदाचा रस्ता मात्र दोस्ताच्या भरवशावर सोडलेला असतो.

आमचेच उदाहरण सांगतो. धाकट्या भावाला बायको-मुलांना दुबईला न्यायचे होते. त्यासाठी लग्नाचा दाखला सगळे सरकारी शिक्के मारून तयार केला आणि रजिस्टर टपालाने रवाना केला. पत्ता लिहिला तो त्याच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सचा. भावाने ती कंपनी चार महिन्यांपूर्वीच सोडली होती, पण घरच्या वहीत पत्ता जुनाच राहिला होता. लिफाफा जुन्या कंपनीत कोणी घेतला, कोठे टाकला, हे आजवर कळलेले नाही. दाखला नव्याने काढण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. खर्च गेला तो गेला, भावजयीचे जाणेही लांबले.

दोष आमचाच. अमिरातीत साधे टपाल आपल्याकडल्यासारखे पोस्टमन घरोघर वाटत नाही, ते पूर्वापार पोस्ट बॉक्समध्ये पडते. बॉक्स बहुधा कंपनीचा असतो आणि त्याची किल्ली कंपनीच्या माणसाकडे. नोकरी सुटली की पत्ताही सुटला. तेथे व्यक्तीला स्वतःच्या नावाने वार्षिक भाड्याने बॉक्स घेता येतो. दोघा-तिघा भावांनी मिळून ते भाडे सोसणे काही जड नाही. कुरिअरचे तंत्र मात्र निराळे. त्याला बॉक्स नको, इमारत हवी. दुबईत इमारतीच्या दारावर दहा आकडी मकानी क्रमांक असतो, तो लिहावा. सौदीत राष्ट्रीय पत्त्याची पद्धत आहे : चार आकडी इमारत क्रमांक, रस्ता, मोहल्ला, शहर, पाच आकडी पोस्टल कोड आणि चार आकडी जोडक्रमांक. कतारमध्ये घरावरच्या निळ्या पाटीवर झोन, रस्ता व इमारत असे तीन आकडे असतात. त्या पाटीचा फोटो घरी पाठवून ठेवावा, म्हणजे अम्मीलाही पत्ता लिहवून घेता येतो.

नावाची गोष्टही किरकोळ समजू नये. गावात सगळे बाबूभाई म्हणतात म्हणून लिफाफ्यावर बाबूभाई लिहिले, तर खिडकीवर ओळखपत्राशी नाव जुळत नाही. पासपोर्टवर आहे तेच नाव लिहावे. फोन नंबर तिथला, देशाच्या कोडसह द्यावा. पुष्कळ जण व्हॉट्सअॅपसाठी चालू ठेवलेला भारतातला नंबर देतात. कुरिअरवाला त्यावर दोनदा फोन लावतो आणि पार्सल परत फिरते.

पार्सलमध्ये काय घालता तेही पाहा. कस्टमच्या फॉर्मवर नुसते ‘घरगुती सामान’ लिहून भागत नाही. जिन्नस, नग, वजन, किंमत लिहावी लागते. आपल्या मसाल्यात खसखस सहज पडते, परंतु अमिरात आणि सौदी अरबस्तानात खसखशीला बंदी आहे. मूठभर खसखशीपायी लेकराची तुरुंगाशी गाठ पडू शकते. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेली औषधे तर टपालाने मुळीच पाठवू नयेत. पावती जपून ठेवावी. रजिस्टर टपाल व पार्सलची चौकशी टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते.

आता व्यापारीबंधूंसाठी अधिक महत्त्वाचे. तुम्ही तिकडे, पण तुमच्या नावाचे टपाल इकडच्या पत्त्यावर येतच असते. येथे दिलेला एखादा चेक परत गेला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत समोरचा लेखी नोटीस पाठवतो आणि ती मिळाल्यावर रक्कम भरण्यास १५ दिवस असतात. घर बंद आहे, माणूस परगावी आहे, असा शेरा घेऊन नोटीस परत गेली म्हणजे सुटलो, असे पुष्कळांना वाटते. सी. सी. अलवी हाजी खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बरोबर पत्त्यावर रजिस्टरने पाठवलेली नोटीस पोहोचली असेच धरले जाईल. पोहोचली नाही हे दाखवणे चेक देणाऱ्याचे काम. खरोखरच नोटीस मिळाली नसेल, तर कोर्टाचे समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरण्याची वाट त्याच निकालाने ठेवली आहे. पण तेवढी मुदत पाळायची, तर समन्स आल्याचे तिकडे कळले पाहिजे. म्हणून घरातल्या एका जाणत्या माणसाकडे हे काम सोपवावे. आलेला प्रत्येक लिफाफा त्याच दिवशी उघडून फोटो पाठवायचा, सहीची तारीख वहीत टिपायची. आमच्या शेजारी हे काम दहावीतली मुलगी करते, आणि थोरल्यांपेक्षा चोख करते.

तिकडून कुलमुखत्यारपत्र येणार असेल, तर त्याचा लिफाफा फेकू नये. परदेशात केलेल्या दस्तावर तो महाराष्ट्रात प्रथम आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरता येते, आणि तो केव्हा आला हे कुरिअरच्या लिफाफ्यावरूनच दाखवता येते. लिफाफा दस्तालाच टाचून ठेवावा.