एका डबीत सफाई आणि चमक : 'क्लीनर वॅक्स' लावण्याआधी एवढं समजून घ्या

ईद जवळ आली की परभणीत गाड्या धुणाऱ्या सेंटरवर रांगा लागतात. दुचाकी, ऑटो, जीप, सेकंडहँड घेतलेली छोटी कार, सगळ्यांनाच चमक हवी असते. आम्हीही त्यातलेच. काही वर्षांपूर्वी आम्ही आमची जुनी लाल कार अशाच एका ठिकाणी पॉलिशला दिली. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात गाडी नव्यासारखी दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बघतो तर बॉनेटच्या कडेला लाल रंग गेलेला आणि खालचा करडा प्रायमर दिसत होता. म्हणजे पैसे मोजून आम्ही रंगच घासून घेतला होता. तेव्हापासून डबीवर काय लिहिलंय ते वाचायची सवय लागली. त्यातून जे कळलं, ते वाचकांसमोर ठेवत आहोत.

क्लीनर वॅक्स म्हणजे काय?

आपल्या घरी तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेत असत. कल्हईवाला आधी भांडं घासून स्वच्छ करायचा, मग तापवून, नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा. आधी सफाई, मग थर. क्लीनर वॅक्समध्ये ही दोन्ही कामं एकाच डबीत असतात. त्यात मळ सोडवणारी द्रव्यं आणि बहुतेक वेळा अगदी बारीक घासणारी पूड असते. सोबत मेण किंवा पॉलिमर असतं. पूड वरचा मळ आणि निस्तेज पडलेला पातळ थर काढते, मेण त्यावर चमकदार पापुद्रा धरतं. यातलं कार्नौबा हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरून मिळतं.

बाजारात तीन वस्तू एकमेकींत मिसळल्या जातात. 'रबिंग कंपाउंड' जाडसर घासतं, ते खोल ओरखड्यांसाठी आणि जाणकार हातांसाठी आहे. साधं वॅक्स घासत नाही, फक्त थर देतं. 'क्लीनर वॅक्स', 'टू इन वन', 'पॉलिश अँड वॅक्स' असं लिहिलेलं या दोघांच्या मधलं. टर्टल वॅक्स, मेग्वायर्स, थ्रीएम, वॅक्सपोल अशा कंपन्यांची नावं दुकानांत ऐकू येतात. पण नावापेक्षा डबीवरचा मजकूर महत्त्वाचा. नुसतं 'कार्नौबा' लिहिलंय म्हणून त्यात घासणारी पूड नाही, असं समजू नका.

जपायचं काय?

आजच्या बहुतेक कारच्या रंगावर 'क्लिअर कोट' नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे मुलांच्या वहीच्या कागदाच्या निम्मी धरा. उन्हापासून खालच्या रंगाला हाच थर वाचवतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. दर महिन्याला घासत राहिलं तर हा थर पातळ होतो, मग टप आणि बॉनेट पांढरट पडून पोपडे सुटतात. पोपडे सुटलेल्या रंगावर कोणतंही वॅक्स चालत नाही. तिथे पेंटरकडेच जावं लागतं आणि तो खर्च वॅक्सच्या डबीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

म्हणून आमचा हिशेब असा : क्लीनर वॅक्स वर्षातून एकदा, फार तर दोनदा. मधल्या काळात न घासणारं साधं वॅक्स. नवी, चांगली चमक असलेली गाडी असेल तर क्लीनर वॅक्सची गरजच नाही. मॅट रंगाच्या गाडीला तर ते अजिबात लावू नये, डाग पडतात.

लावण्याची पद्धत

१. आधी गाडी नीट धुवा. आपल्या काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की तिच्यातले खडे रंगावर बारीक गोल ओरखडे पाडतात. कपड्यांच्या पावडरीऐवजी गाडीचा शाम्पू वापरा. पाण्याची टंचाई असेल तर दोन बादल्या पुरतात, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. बोअरचं पाणी जड असतं, वाळलं की पांढरे ठिपके राहतात. त्यामुळे लगेच पुसून घ्या.

२. सकाळी लवकर, सावलीत काम करा. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर वॅक्स लगेच सुकून चिकटतं.

३. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या ओल्या फडक्यावर थोडं घेऊन घासून पाहा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर वर क्लिअर कोट नाही. जुन्या गाड्या, ऑटो, ट्रॅक्टर यांत असं बरेचदा असतं. मग हात आणखी हलका ठेवा.

४. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या. स्पंजवर रुपयाच्या नाण्याएवढं वॅक्स पुरे. कडा आणि उंचवटे यांवर जोर देऊ नका, तिथला रंग आधी जातो.

५. डबीवर सांगितलंय तेवढा वेळ सुकू द्या, मग स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याने पुसा. शिवण किंवा बटणं असलेला जुना शर्ट नको. फडकं जमिनीवर पडलं तर ते परत गाडीला लावू नका.

६. काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर लागू देऊ नका, पांढरे डाग बसतात. दुचाकीच्या सीटवर, फुटरेस्टवर, टायरवर आणि विशेषतः ब्रेकच्या डिस्कवर तर मुळीच नको. तिथे चमक म्हणजे घसरणं, आणि त्याची किंमत जिवाची असू शकते.

काही जण रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने गाडी पुसतात. तासभर चकाकते खरी, पण त्या तेलकटपणावर धूळ आणखी चिकटते, आणि ती पुसताना पुन्हा ओरखडे. ही सवय सोडलेलीच बरी.

डेंटिंग-पेंटिंगवाल्या भावांसाठी आणि गाडी घेणाऱ्यांसाठी

अनेक वॅक्समध्ये सिलिकॉन असतं. ते नीट काढल्याशिवाय वर नवा रंग मारला तर रंगात बारीक खड्डे पडतात. म्हणून गाडी रंगवायला देताना वॅक्स लावलेलं असेल तर पेंटरला आधीच सांगा. नव्या रंगावरही घाईने वॅक्स नको. पेंटर सांगेल तेवढे दिवस थांबा, साधारण एक ते तीन महिने.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की क्लीनर वॅक्स बारीक ओरखड्यांत भरून बसतं आणि काही आठवडे ते लपवतं. सौदा ठरवण्याआधी गाडी शाम्पूने धुवायला सांगा, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेट, टप आणि दारांच्या कडा नीट बघा. विकणाऱ्यानेही रंगाचा दोष असेल तर तो स्वतःहून सांगावा. आमच्या लाल कारच्या बॉनेटवरचा तो करडा पट्टा आम्ही ती विकताना आधी दाखवला आणि तेवढी रक्कम कमी घेतली.