लेकरू कोणाकडे राहणार? वकिलाचं काम कोर्टाच्या आधी सुरू होतं

बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याचं बोलणं संपलं, चहा झाला, की एखादी बाई हळूच जवळ येते आणि विचारते, "ताई, पोरगं त्याच्या घरच्यांनी ठेवून घेतलंय. ते म्हणतात मूल बापाचंच असतं. खरं का?" मी नागपूरला कोर्टात कौटुंबिक वाद चालवते, आणि हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकावा लागतो. म्हणून आज त्यावरच बोलू या. अशा प्रकरणात वकील नेमकं करतो काय, हेही सांगते. कारण बऱ्याच जणींना वाटतं, वकील म्हणजे काळा कोट घालून जोरात भांडणारा माणूस.

समजा, काटोलकडची एक लेक उमरेडच्या बाजूला दिली. दोन वर्षांचा मुलगा. भांडण झालं, तिला रात्री घराबाहेर काढलं, मूल सासूने आत ठेवलं. ती माहेरी आली. मग भाऊ बोलून आला, गावातली चार माणसं बोलून आली, दिवाळी गेली, संक्रांत गेली. आठ महिन्यांनी ती वकिलाकडे येते. तोवर ते मूल आजीला "आई" म्हणायला लागलेलं असतं.

इथेच आपलं सगळ्यांत मोठं नुकसान होतं. कोर्ट आईचा हक्क आधी पाहत नाही, बापाचाही नाही. कोर्ट पाहतं ते मुलाचं हित. मूल जिथे आठ महिने राहिलं, जेवलं, झोपलं, तिथून त्याला हलवायचं तर कारण लागतं. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, "मूल तुमच्यापासून कोणत्या तारखेला वेगळं झालं?" तारीख आठवत नसेल तर आम्ही सणावारावरून, बाजाराच्या दिवसावरून काढतो, पण काढतोच.

आता कायदा. हिंदू अज्ञान आणि पालकत्व कायदा १९५६ चा आहे. त्यात लिहिलं आहे की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. मुलगा असो की मुलगी. २०१५ साली गोव्यातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोन वर्षांहूनही लहान बाळ, उच्च न्यायालयाने ताबा बापाला दिलेला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून आईला दिला आणि सांगितलं की एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आईने स्वतःला लायक सिद्ध करत बसायचं नाही. आई लायक नाही असं बापाचं म्हणणं असेल, तर ते त्याने सिद्ध करावं. म्हणजे "मूल बापाचंच" हे गावातलं बोलणं झालं, कायद्यातलं नाही. पालक म्हणून सही करायची, तर तिथेही १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बाप मुलाकडे लक्ष देत नसेल तर तो जिवंत असतानाही आई पालक होऊ शकते. मुस्लिम भगिनींसाठी त्यांचा व्यक्तिगत कायदा विचारात घेतला जातो. पण मुलाचं हित तिथेही पाहावंच लागतं.

पण "साधारणपणे" हा शब्द विसरू नका. आई म्हणून ताबा आपोआप मिळतो असं नाही. २०१९ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात आई कॅन्सरने गेली होती आणि बाळाला मावशीच्या घरच्यांनी जिवापाड सांभाळलं होतं. तरी सर्वोच्च न्यायालयाने ताबा वडिलांकडे दिला. वडील चांगले होते, आणि मूल फार मोठं होण्याआधी त्यांच्याकडे जाणं हिताचं ठरलं.

मग अर्ज कुठे करायचा? मुलाच्या ताब्याचा नेहमीचा अर्ज कुटुंब न्यायालयात होतो, आणि जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे जिल्हा न्यायालयात. पालक आणि पाल्य कायदा १८९० चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. त्यात अडचण अशी की मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात जावं लागतं, आणि मूल तर सासरी. मारहाण किंवा छळ झाला असेल तर दुसरी वाट आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बाई सध्या जिथे राहते, म्हणजे माहेरच्या तालुक्यातल्या मॅजिस्ट्रेटकडेही अर्ज करू शकते, आणि संरक्षणाच्या अर्जाबरोबर मुलाचा तात्पुरता ताबा मागू शकते. तालुक्यातल्या संरक्षण अधिकारी ताईंना त्यासाठी भेटा. कोणती वाट धरायची हे ठरवणं, हे वकिलाचं अर्ध्याहून जास्त काम. कोर्टातलं बोलणं त्यानंतरचं.

त्यासाठी वकील तुम्हाला जे विचारेल ते ऐकून राग येईल. मुलाला लस कोणी दिली? अंगणवाडीत कोण सोडायचं? तापात रात्र कोणी काढली? तुम्ही मजुरीला गेलात की मूल कोणाजवळ? हे उलटतपासणीसारखं वाटतं. पण न्यायाधीशांना तुमची माया दिसत नाही, कागद दिसतो. लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीतल्या नोंदी, शाळेचा दाखला, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, जन्माचा दाखला. माझ्या पाहण्यात दवाखान्याच्या चुरगळलेल्या चिठ्ठीने जे काम केलं ते दहा पानी अर्जाने केलं नाही. तुमची कमाई कमी आहे म्हणून मूल जात नाही. खर्च बापाकडून पोटगीत मागता येतो.

आणि चांगला वकील तुम्हाला काही गोष्टींना नाही म्हणेल. शाळेच्या गेटवरून मूल पळवून आणू नका. नवऱ्यावर खोटा आरोप लिहू नका. एक खोटं उघडं पडलं की बाकीचं खरंही कोणी मानत नाही. मुलाला पढवू नका. मूल समजतं झालं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी आपल्या दालनात एकटं बोलू शकतात, त्याला ठरावीक वय नाही. शिकवलेलं वाक्य त्यांना लगेच कळतं, आणि मूलही आयुष्यभर ते विसरत नाही. बैठक बसवून स्टॅम्प पेपरवर "मुलावर माझा हक्क नाही" असं लिहून घेतलं असेल तरी घाबरू नका. मुलाचं हित कोर्टच ठरवतं. ताब्याचा हुकूमसुद्धा कायमचा नसतो, परिस्थिती बदलली तर पुन्हा मागता येतो.

ताबा मिळाला तरी बापाला भेटू द्यावं लागतं, हे अनेकींना कडू लागतं. सुट्टीत अर्धे दिवस, दिवाळीचे दोन दिवस, असं काही ठरतं. दारू पिऊन येत असेल, धोका असेल, तर भेट कोणाच्या तरी देखरेखीखाली मागता येते. नुसता राग आहे म्हणून भेट अडवली तर कोर्ट नाराज होतं.

आता थोडं वेगळं. कधी भांडण आईबापाचं नसतंच. घरातून रागावून निघालेलं पोर नागपूरच्या रेल्वे स्टेशनवर सापडतं, किंवा वीटभट्टीवर कामाला गेलेल्या आईचं मूल एकटं दिसतं. १०९८ ला फोन जातो. अशा मुलाला २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि त्यात निदान एक बाई असलीच पाहिजे. पुष्कळ आया तिथे जातच नाहीत. "सरकारी माणसं, आपल्यालाच पकडतील" या भीतीने. मैत्रिणींनो, तिथे उशीर म्हणजे फार मोठा धोका. आईबाप सापडलेच नाहीत, तर दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दोन महिन्यांत आणि मोठ्या मुलाला चार महिन्यांत दत्तक देण्यासाठी मोकळं जाहीर करता येतं. म्हणून त्याच आठवड्यात जा. कायदा सांगतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. इथे वकील तुमचं घर, नातेवाईक, तुमची अडचण समितीला समजावून सांगतो. गरिबी हीच अडचण असेल तर मूल घरी ठेवूनच मदत मिळण्यासाठी बालसंगोपन योजना आहे, तिची मागणी करा.

एक गोष्ट जाता जाता. बायका आणि लेकरांच्या बाजूने उभी राहणारी वकील आपल्याकडे काही आजची नाही. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्यात शिकल्या, ऑक्सफर्डला जाऊन कायद्याची परीक्षा दिली. बाई म्हणून त्यांना वकिली करू देत नव्हते. तरी १९०४ पासून सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्या बंगाल, बिहारकडच्या पडद्यातल्या बायकांच्या आणि त्यांच्या अज्ञान मुलांच्या मालमत्तेची, शिक्षणाची बाजू सांभाळत राहिल्या. पुढे १९२३ मध्ये बायकांना वकिलीची परवानगी देणारा कायदा झाला.

आपल्याला तर वकिलाची फीसुद्धा लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दारिद्र्यरेषेचं कार्ड मागितलं तर हे सांगा. नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती. फोन करायचा तर १५१००. कुटुंब न्यायालयात पक्षकाराने स्वतःच बोलावं अशी कायद्याची अपेक्षा आहे, वकील कोर्टाच्या परवानगीने उभा राहतो. त्यामुळे आपली गोष्ट आपल्याला नीट सांगता आली पाहिजे. जाताना आधार कार्ड, लग्नाचा काही पुरावा, मुलाचा जन्मदाखला आणि लसीचं कार्ड घ्या. मूळ कागद सासरी राहिले असतील तर थांबू नका, जन्माच्या नोंदीची नक्कल ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळते. आणि एकट्या जाऊ नका. गटातली एक बाई बरोबर न्या, जी तारखा वहीत लिहून ठेवील.