मेहनत आणि वाट

(बी. ए. भाग २)

'प्रयत्नांती परमेश्वर' हे वाक्य आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहे. ते वाचतच मी लहानाचा मोठा झालो. त्यावर माझा विश्वास होता, आजही आहे. परंतु ते वाक्य अर्धेच आहे, असे आता वाटू लागले आहे.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. बारावीनंतर गावात माझा सत्कार झाला. "मेहनत केली की सारे मिळते, याचे हे उदाहरण!" असे वक्ते म्हणाले. टाळ्या पडल्या. माझी ताई मागे बायांमध्ये बसली होती. दहावीत तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. आई-वडील गुत्त्याने सोयाबीन सोंगायला पहाटेच जात, तेव्हा भाकरी, पाणी, गुरे सारे तिच्यावर असे. मी पुस्तक घेऊन बसे. पुढचे शिक्षण गावाबाहेर, आणि दोघांचा खर्च झेपणारा नव्हता. मी वाशीमला आलो, ती रोजाने निंदायला जाऊ लागली. मेहनत दोघांनीही केली. सत्कार एकाचाच झाला. असे का व्हावे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. त्यांच्या परिश्रमांचे स्मरण योग्यच आहे. पण त्यांच्याच चरित्रात दुसरीही गोष्ट आहे. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. 1916 मध्ये ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. परदेशी विद्या घेऊन ते बडोद्यात नोकरीस गेले, तर तेथे जातीमुळे राहायला जागा मिळेना. पुढे मुंबईत प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राची मदत यांच्या बळावर ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये त्यांनी डी. एस्सी. मिळवली. माणूस तोच, बुद्धी तीच, परिश्रमही तेच. मग 1917 साली अडले कशामुळे? वाट बंद झाली म्हणून.

हे ओळखणाऱ्यांनी केवळ उपदेश केला नाही, वाटा बांधल्या. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली आणि 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली व 'कमवा आणि शिका' ही योजना रुजवली. जे श्रम गरिबाच्या पोराला शाळेतून बाहेर ओढतात, तेच त्यांनी शाळेत राहण्याचे साधन केले! आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारून शेतकऱ्यांच्या मुलांची सोय केली.

आज आपण स्पर्धा परीक्षांतील यशस्वितांची भाषणे ऐकतो. 2023 च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेसाठी 10,16,850 अर्ज आले आणि 1,016 जणांची निवड झाली. म्हणजे हजारी एक. त्या एकाचे कौतुक अवश्य करावे. पण उरलेले नऊशे नव्व्याण्णव आळशी होते, असे कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, ही पळवाट आहे. विषमतेकडे बोट दाखवून अभ्यास टाळता येईल. ही भीती खोटी नाही. सोयी असूनही वेळ दवडणारे आमच्यातही आहेत. मेहनतीवाचून वाट संपत नाही, हे मला मान्य आहे. परंतु वाटच नसेल, तर चालणाऱ्याने चालावे कोठे? 2018 मध्ये केंद्र सरकारने आपला वाशीम जिल्हा 'आकांक्षित' जिल्ह्यांत घातला. येथील माणसे कमी राबतात म्हणून नव्हे, हे भर उन्हात आमच्या शेतांत येऊन कोणीही पाहावे.

मोठ्या वाटा बांधणे माझ्या हाती नाही. यंदा ताईसाठी बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म आणला आहे. ती म्हणाली, "सोंगणीच्या दिवसांत घरचं कोण पाहील?" मी म्हणालो, "मी पाहीन." भाकरी मला अजून गोल जमत नाही. पण 'प्रयत्नांती परमेश्वर' हे वाक्य मलाही लागू आहेच की!