मुद्दाम मिसळलेली खरखर

ध्वनिमुद्रणाचा इतिहास पाहिला तर खरखर नाहीशी करण्याची एक अखंड खटपटच त्यात दिसते. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा आवाज कर्ण्यात शिरून थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जात असे. पुढे मायक्रोफोन आला, चुंबकीय फीत आली आणि १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. खरखर जवळजवळ संपली. आणि आता तीच खरखर स्वच्छ ध्वनीत पुन्हा घालणारी साधने संगीतकार हौसेने वापरीत आहेत.

या साधनांना प्लगइन म्हणतात. संगणकावर ध्वनिमुद्रण करण्याची जी मुख्य आज्ञावली असते, तिला जोडावयाची ही छोटी आज्ञावली होय. एका कंपनीचे प्लगइन दुसऱ्या कंपनीच्या आज्ञावलीत चालावे, यासाठी जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये ‘व्हीएसटी’ ही जोडणीची पद्धत आखून दिली. मूळ आवाजाशी पूर्ण इमान राखणारा ध्वनी तो ‘हाय-फाय’. ते इमान जाणूनबुजून सैल केलेला तो ‘लो-फाय’.

हे इमान चार प्रकारांनी सैल करता येते. पहिला प्रकार धुळीचा आणि ओरखड्यांचा. जुन्या लाखेच्या तबकड्यांत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे आणि सुई तिच्यावर घासून खरखर उठे. तिची नक्कल प्लगइन करते. दुसरा प्रकार वेगाचा. तबकडी वाकडी असली किंवा फीत एकसारखी सरकली नाही, की स्वर झुलू लागतो. प्लगइन ध्वनी क्षणभर साठवून ठेवते आणि कधी किंचित लवकर, कधी किंचित उशिरा सोडते. त्यायोगे तंबोऱ्याचा षड्जदेखील डोलू लागतो. तिसऱ्या प्रकारात उंच आणि खोल कंपने छाटली जातात. जुन्या टेलिफोनवर सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच कंपने येत, त्याच जातीचा हा परिणाम. चौथा प्रकार मोजणीचा. अमेरिकेतील ई-म्यू कंपनीचे १९८७ मधील ‘एसपी-१२००’ हे यंत्र सेकंदास सुमारे २६,००० नमुने घेई आणि प्रत्येक नमुना ४,०९६ पायऱ्यांत मोजी. कॉम्पॅक्ट डिस्कवर हेच आकडे ४४,१०० आणि ६५,५३६ असे आहेत. मोजणी जाड झाली की ध्वनीला एक प्रकारचा खडबडीतपणा येतो.

डेट्रॉइटचा जे डिला आणि जपानचा नुजाबेस हे या संगीताचे पूर्वसूरी मानले जातात. ते जुन्या ध्वनिमुद्रिकांतील तुकडे उचलून नवी रचना करीत, तेव्हा खरखर त्या तुकड्यांबरोबर आपोआप येई. त्यांच्या मागून आलेल्यांना ती गाण्याचाच भाग वाटू लागली. अमेरिकेतील आयझोटोप कंपनीने ‘व्हिनाइल’ नावाचे प्लगइन विनामूल्य दिले. त्यात धूळ, ओरखडे आणि तबकडीचा वाकडेपणा यांच्यासाठी निरनिराळ्या कळी आहेत. गंमत अशी, की जुन्या मुद्रणांतील खरखर काढून टाकणारे ‘आरएक्स’ हे साधनही २००७ मध्ये याच कंपनीने आणले.

मात्र घालणे आणि काढणे ही दोन्ही कामे सारखी सोपी नाहीत, आणि खरा धोका तेथेच आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना रसिकाचे कान खरखरीपलीकडे जाऊन त्यांचा स्वर शोधतात. ती खरखर म्हणजे त्या काळाने घेतलेले मोल होते. अलंकार म्हणून ती कोणी मागितली नव्हती. ती हावरेपणाने पुसू गेल्यास ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने आणि तंबोऱ्याची सूक्ष्म झंकारही तिच्याबरोबर पुसली जाण्याची भीती असते, कारण त्यांची कंपने एकमेकांत मिसळलेली असतात. उलट, नव्या गाण्यात छाटलेली कंपने आणि गाळलेल्या पायऱ्या मागाहून जशाच्या तशा परत आणता येत नाहीत.

यास्तव मूळ मुद्रण स्वच्छ ठेवावे आणि प्लगइनचे सारे प्रयोग त्याच्या प्रतीवर करावेत, हाच शहाणपणाचा मार्ग होय. जुन्या मुद्रणाची सफाई करतानाही न पुसलेली प्रत जपून ठेवावी. खरखरीची आवड पिढीगणिक बदलेल; पण गायकाचा खरा आवाज एकदा हरवला, तर तो पुन्हा निर्माण करणारी कळ कोणत्याही यंत्रावर नाही.